काळीची आंघोळ

भांडी घासायच्या घासणीला दोन बाजू असतात, हे मला लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर कळलं. एक पिवळी, मऊ. दुसरी हिरवी, खरखरीत. पिवळी काचेच्या ग्लासांसाठी, हिरवी करपलेल्या कुकरसाठी. आमच्या घरात भांडी मी घासतो असं मी ऑफिसात सांगत आलोय, पण एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती, म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

तर एका शनिवारी सकाळी मी गाडी धुवायला खाली उतरलो. बॉनेटवर जांभळे डाग पडले होते. बायको तळोज्याला जिथं गाडी लावते, तिथं डोक्यावर जांभळाचं झाड आहे, आणि झाडावरचे पक्षी जांभळं खाऊन उरलेलं काम आमच्या बॉनेटवर करतात. पाण्यानं डाग निघेनात, साबणानं निघेनात. मी घरात गेलो, घासणी घेतली, जाता जाता तांब्याची भांडी उजळायची पावडरही घेतली. हिरव्या बाजूनं, दंडात जोर आणून, गोल गोल घासलं. डाग गेले. अगदी साफ गेले. मी दोन पावलं मागं सरकून शीळ घातली.

मग पाणी वाळलं.

आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये सकाळचं ऊन तिरकं येतं. त्या उन्हात बॉनेटवर हजारो बारीक वर्तुळं चमकायला लागली. एवढं मोठं कोळिष्टक मी कुठल्या बंद खोलीतसुद्धा पाहिलेलं नाही. आणि गाडी काळी. पांढऱ्या गाडीवर असला पराक्रम झाकून जातो. काळी गाडी मात्र चुगलखोर असते.

आता सांगायलाच हवं, की गाडी आमची नव्हती. सासऱ्यांची होती. सासऱ्यांना आम्ही सगळेच आप्पा म्हणतो. साताऱ्याकडचं गाव, थोडी शेती. दहा वर्षांपूर्वी त्यांनी शेवटची बैलजोडी विकली आणि त्याच वर्षी ही गाडी घेतली. बैल काळे होते, म्हणून गाडी काळी. बैल जिथं बांधायचे त्या गोठ्यात गाडी लागायला लागली. आणि आषाढात बेंदूर आला, तेव्हा दर वर्षी बैलांना आंघोळ घालून पुरणपोळी भरवणाऱ्या आप्पांचे हात रिकामे राहिले. त्यांनी अर्धा दिवस कसाबसा काढला. दुपारी उठले, गाडीला आंघोळ घातली, हळदकुंकू लावलं, गळ्यात म्हणजे आरशांना माळा बांधल्या आणि बॉनेटवर पुरणपोळी ठेवली. गाव हसलं. पुढच्या वर्षी गावातल्या आणखी दोन गाड्यांनी पुरणपोळी खाल्ली.

गेल्या दिवाळीत आप्पांचे गुडघे बोलायला लागले. क्लच दाबवेना. गाडी त्यांनी लेकीला दिली, म्हणजे वापरायला दिली. कागद त्यांच्याच नावावर. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, जनावर हाय ह्ये. बेंदराला येतो आन् बगतो. नीट ठिवलेली दिसली तर पोरीच्या नावावर करून टाकतो. न्हाईतर माघारी घिऊन जातो. धाकटा मागतोयच."

धाकटा म्हणजे माझा मेहुणा. तो गाडीतून कोंबड्याही नेतो.

माझ्यापुरतं बोलाल तर गाडी गेली काय नि राहिली काय, मला खांदेश्वर स्टेशन पायी दहा मिनिटांवर आहे. पण बायको तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. आधी ती रिक्षा, मग बस, मग पुन्हा रिक्षा अशी जायची आणि घरी आली की अर्धा तास कुणाशी बोलायची नाही. गाडी आल्यापासून ती गाणी म्हणत येते. एकदा मी खाली उभा होतो, तर गाडी लावून झाल्यावरही ती आतच बसून होती. काचा बंद, डोळे मिटलेले, तोंड मोठ्ठं उघडं. मला वाटलं, काही झालं की काय. ती तान घेत होती.

त्याच तानेचं काय होणार, असा विचार करत मी घासणी हातात धरून उभा होतो, तेवढ्यात ती किल्ली घेऊन खाली आली. मी घाईघाईनं बॉनेटवर पसरलो. म्हणजे कोपर टेकून, सहज उभा असल्यासारखा.

"उठा," ती म्हणाली.

"कशाला?"

"तुम्ही कधी असे उभे राहता का? उठा."

मी उठलो. तिनं बघितलं. मग घासणीकडं बघितलं. मग माझ्याकडं. या तीन बघण्यांमध्ये मला माझं सगळं वैवाहिक आयुष्य दिसलं.

"डाग काढले," मी म्हणालो.

"डाग काढले की सालं काढली?"

"वाळल्यावर जरा तसं दिसतंय."

"मग काय रोज ओली ठेवायची? आप्पा पुढच्या रविवारी येतायत. आईपण येतीय."

"आठ दिवस आहेत गं."

"आहेत ना? मग करा काहीतरी." ती गाडीत बसली, काच खाली केली. "आणि गाडी गेली ना, तर मी रोज तुमच्या खांद्यावर बसून तळोज्याला जाईन. सिग्नलला थांबायचं, सांगून ठेवते."

त्या दिवशी दुपारभर मी मोबाइलवर गाडीच्या रंगाचे व्हिडिओ बघितले. संध्याकाळपर्यंत मी तज्ज्ञ झालो होतो. रविवारी सकाळी सीवूड्सच्या मॉलमध्ये जाऊन दोन बादल्या, झुपकेदार हातमोजा, सात मायक्रोफायबरची कापडं आणि एक मातीचा गोळा घेऊन आलो. हो, माती. रंगावर चिकटलेली न दिसणारी घाण काढायला खास चिकट माती मिळते. लहानपणी मातीत खेळलो म्हणून मार खाल्ला आणि पन्नाशीला डबीतली माती पैसे देऊन आणली.

पार्किंगमध्ये मी हे सगळं मांडून बसलो, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे काका दूध घेऊन आले आणि थबकले. काका मूळचे मराठवाड्याचे, तळोज्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं रंगखात्यात होते. आता निवृत्त. एरवी दोन शब्दांवर तिसरा न बोलणारा माणूस. ते बॉनेटपाशी वाकले. चष्मा कपाळावर नेला. 

"कुणी केलं हे?"

"मी."

"शत्रुत्व होतं का काही?"

मी सगळं सांगितलं. घासणी, पावडर, आप्पा, बेंदूर. पुरणपोळीपाशी त्यांचे ओठ हलले, पण हसले नाहीत.

"सर, रंग एका थराचा नसतो," ते म्हणाले. "खाली काळा, वर काचेसारखा पारदर्शक. तो कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. तुमी पापुद्रा ओरबाडलाय. कांदा शाबूत हाय."

"मग ओरखडे भरायचे कशानं?"

"ओरखडा भरत नसतो. त्याच्या आजूबाजूचं घासून त्याच्या पातळीला आणायचं असतं."

मी हे वाक्य दोनदा मनात म्हटलं. आमच्या ऑफिसात वरपासून खालपर्यंत नेमकं हेच चालतं आणि त्याला आम्ही सुधारणा म्हणतो.

काकांनी दूध वर नेऊन दिलं आणि खाली येताना एक पेटी आणली. आत पॉलिशची मशीन, जुनी, वायरीला चार ठिकाणी पट्ट्या गुंडाळलेली. पण मशीनला हात लावू देतील तर ते काका कसले. आधी धुणं. एक बादली साबणाची, एक साध्या पाण्याची. हातमोजा साबणात बुडवायचा, गाडीवरून सरळ ओढायचा, मग साध्या पाण्यात खळबळायचा, मगच पुन्हा साबणात. वरून खाली. गोल नाही, सरळ. कापड खाली पडलं की बाद. माझी सातांपैकी तीन कापडं पहिल्या तासात बाद झाली. चौथं मी पडता पडता पायावर झेललं, तर काका म्हणाले, "पाय धुतलेत का?"

मग माती. साबणाचं पाणी मारायचं आणि मातीची चकती अलगद फिरवायची. आधी खर्र खर्र आवाज येतो, हाताला बारीक वाळू लागते. आणि एका क्षणी आवाज थांबतो. हात घसरायला लागतो, चकलीचं पीठ तेलाच्या हातानं मळताना घसरतो तसा. मी त्या आनंदात सगळी गाडी केली, टपसुद्धा. बादलीतल्या पाण्यात पडलेली माती तर मी उचलून परत वापरायला निघालो होतो.

"टाका ती!" काका पहिल्यांदा ओरडले. "त्यात आता वाळू हाय. पुन्हा घासणीच झाली ती."

सोमवार-मंगळवार मी ऑफिसात तब्येतीचं कारण देऊन रजा टाकली, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. बायकोनं दोन दिवस रिक्षा-बस-रिक्षा पत्करली. जाताना म्हणाली, "गाडीपाशी बसून रडू नका, खारं पाणी वाईट असतं रंगाला."

मंगळवारी मशीन माझ्या हातात आली. काकांनी काचेच्या रबरांवर, दिव्यांवर, कडांवर चिकटपट्ट्या लावून घेतल्या. पॅडवर पांढऱ्या कंपाऊंडचे, म्हणजे रंग घासायच्या मलमाचे, चार थेंब, वाटाण्याएवढे. "आता टेकवा आणि..." ते म्हणाले. मी "आणि" ऐकलं, "टेकवा" ऐकलं नाही. मशीन हवेतच चालू केली.

चार थेंबांमध्ये किती पांढरा रंग असतो, हे तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. माझा चष्मा, काकांचा सदरा, मागची भिंत आणि भिंतीवरचा सोसायटीचा सूचनाफलक. त्या फलकावर "पार्किंगमध्ये गाड्या धुण्यास सक्त मनाई" असं लिहिलेलं होतं. आता त्यातलं "सक्त" दिसेनासं झालं. मी काकांकडं बघितलं. काकांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. आणि मग तो तीस वर्षं रंगखात्यात गंभीरपणे काम केलेला माणूस पोट धरून हसायला लागला. मीही लागलो. मशीन हातात चालूच होती, त्यामुळं माझं हसू थरथरत येत होतं आणि ते ऐकून काका आणखी हसत होते.

त्यानंतर मात्र जादू झाली. आधी बॉनेटचा एक हातभर चौकोन, नमुन्यादाखल. सावकाश आडव्या फेऱ्या, मग उभ्या. पुसलं. काकांनी टॉर्च मारला. कोळिष्टक गायब. त्या चौकोनात मला माझं तोंड दिसलं, नाकावरच्या पांढऱ्या थेंबासकट. मी एवढा खूश झालो, की मला गाडीच नाही, फ्रीज, कपाट, सोसायटीची लिफ्ट, जे दिसेल ते पॉलिश करावंसं वाटायला लागलं. जेवतानाही माझा हात ताटावर आडव्या-उभ्या फेऱ्या मारत होता.

बुधवारी-गुरुवारी ऑफिसातून आल्यावर दरवाजे केले. आणि गुरुवारी, डावीकडच्या मागच्या दरवाजावर, कापड एकदम काळं झालं. पुसलं तर खाली एक ओरखडा. वीतभर लांब, खोल, आतला करडा पत्रा दिसणारा.

 मशीन बंद केली. काकांनी ओरखड्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

"नख अडकलं की पॉलिशचं काम संपलं," ते म्हणाले. "ह्याला हात लावायचा नाही. अजून घासाल तर आजूबाजूचा पापुद्रापण जाईल."

"पण हे मी कधी केलं?"

"तुमी नाही केलं. वास घ्या."

मी गुडघ्यावर बसून दरवाजाचा वास घेतला. समोरून कुत्र्याला फिरवणाऱ्या एक बाई चालल्या होत्या, त्यांनी रस्ता बदलला. वास ओळखीचा होता. शाळेचा पहिला दिवस, काळे बूट.

"बुटपॉलिश!"

"बुटपॉलिश आणि वर मेण. वर्षानुवर्षं थरावर थर दिलाय कुणीतरी. तुमच्या साबणानं आणि मशीननं सगळं काढलं."

म्हणजे आप्पा. दुसरं कोण? "नीट ठिवा" म्हणून मला दम देणाऱ्या आप्पांनी स्वतःच गाडी घासली होती आणि वर बुटपॉलिश लावून गाव गंडवलं होतं. माझा जीव आधी हवेत गेला, मग धपकन खाली आला. कारण आता ते मी सांगणार कसं? सासऱ्याला त्याचा ओरखडा दाखवायचा, तर जावई म्हणून उभं कुठं राहायचं? आणि नाही सांगितलं, तर नाव माझं. गाडी मेहुण्याकडं, कोंबड्या आत, तान बंद.

मी बायकोला खाली बोलावलं. तिनं ओरखडा बघितला. मी म्हणालो, "हे जुनं आहे गं. आप्पांचं असणार." ती गर्रकन वळली. तोंड भिंतीकडं फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलायला लागले. चोवीस वर्षांत मी तिला फार वेळा रडताना पाहिलेलं नाही. मी अवघडून तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती पदर तोंडात कोंबून जिन्यानं वर पळाली.

"मनाला लावून घेतलं त्यांनी," काका म्हणाले.

शनिवारी आम्ही मेण लावलं. अगदी पातळ, हात फिरवल्यासारखं. ते धुरकट होईपर्यंत थांबायचं आणि मग मऊ कापडानं उजळायचं. काळी अशी दिसायला लागली, की पार्किंगमधले खांब तिच्यात वाकून स्वतःला बघत होते. ओरखड्यावर पुन्हा बुटपॉलिश लावायचा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू. डबीही काढली होती. पण काका असे बघायला लागले, की मी ती डबी स्वतःच्या बुटांना लावली.

रविवारी आप्पा आणि सासूबाई, म्हणजे आई, आले. आप्पांनी चहाही घेतला नाही, थेट खाली. हातात पिशवी, पिशवीत माळा. मागून आई, बायको, मी, आणि आमंत्रण देऊन आणलेले काका. आप्पा गाडीभोवती बाजारात बैल बघतात तसे फिरले. टायरला बोटं लावली. बॉनेट उघडून आत बघितलं, दात मोजावेत तसं. बंद केलं. तळवा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला.

"आरं तिच्या," ते म्हणाले. "वासराच्या अंगागत लागतंय की. काय चारलंत?"

मी नम्रपणे मान खाली घातली. काकांनी छाती किंचित पुढं काढली.

मग ते डावीकडं वळले आणि मागच्या दरवाजापाशी वाकले. आईही गेल्या आणि ओरडल्या, "अगं बया! ह्ये काय केलं वो जावईबापू? चांगली गाडी दिलती!"

मी तोंड उघडलं. आप्पांकडं बघितलं. आप्पा बघत होते लेकीकडं, आणि लेक बघत होती चपलेकडं. मी तोंड मिटलं. मनात म्हटलं, जाऊ दे, घेतो अंगावर, बॉनेटचा गुन्हा तर माझाच आहे.

"आई, ते माझ्याकडनं..."

"गप ऱ्हावा तुमी," आप्पा म्हणाले. "त्यांचं न्हाई त्ये. माझ्याकडनं झालतं. उसाची ट्रॉली घासली."

"कदी?" आई कमरेवर हात ठेवून वळल्या.

"झाली बरीच वर्सं."

"आन् मला बोलला न्हाईत? मी म्हणती ह्या माणसाचं बुटपॉलिश दर म्हैन्याला संपतंय कसं! बूट तर ह्यो घालत न्हाई, पायात चप्पल!"

काकांना ठसका लागला. आप्पांनी अपराध्यासारखी टोपी सारखी केली. त्यांची ती अवस्था मला बघवेना आणि त्या भरात मी घासणीचं सगळं सांगून टाकलं, पावडरीसकट. आप्पांनी ऐकलं आणि मोठ्यानं हसले. माझ्या खांद्यावर अशी थाप मारली, की मी पुढच्या दरवाजावर आपटणार होतो. काकांनी मला हवेतच धरलं. माझ्यासाठी नाही, मेणासाठी.

"चुकलं आन् सुदारलं. जनावर सांबाळणं म्हंजी दुसरं काय असतं?" आप्पा म्हणाले. "पोरी, कागद आणल्यात मी. सही करतो. तुजी झाली काळी."

मग पूजा. आरशांना माळा, बॉनेटवर हळदकुंकू. इथपर्यंत काकांनी सहन केलं. मग आईंनी डबा उघडला आणि आमच्या आठ दिवसांच्या मेहनतीवर, मेणाच्या मधोमध, तुपानं निथळणारी पुरणपोळी ठेवली. तुपाचा एक ओघळ सावकाश खाली निघाला. काका पुटपुटले, "सर, कापड." मी पुटपुटलो, "नैवेद्य आहे, काका." ओघळ नंबरप्लेटपर्यंत पोचेस्तोवर आम्ही दोघं एकमेकांचा हात घट्ट धरून उभे होतो. मग काकांनाही पुरणपोळी मिळाली आणि ते निवळले.

आप्पा-आई जेवून आडवे झाले, तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो. बायको ताटं आवरत होती, गुणगुणत. मी म्हणालो, "बघ, आप्पा किती मोठ्या मनाचे. सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली."

ती वळली. पुन्हा तेच, खांदे हलणारं. या वेळी मला तिचं तोंड दिसलं, आणि ती रडत नव्हती. गुरुवारीही नव्हती.

"ट्रॉली वगैरे काही नव्हती हो," ती म्हणाली. "नऊ वर्षांपूर्वी, दिवाळीत, गाडी शिकताना मी गोठ्यातून मागं घेतली आणि गव्हाणीच्या दगडाला घासली. आप्पा म्हणाले, गप बस, मी लावतो काहीतरी. आईला सांगू नकोस. आणि नवऱ्याला तर मुळीच नको, तो धांदरट आहे, त्याच्याकडून उघडं पडेल."